तीन पानांचा बिल्ला

“तो ओरडतोय तोवर खुशाल ओरडू दे,” इर्मा म्हणाली होती. “गप्प झाला की मात्र बघ, पोरी. आणि तेव्हा तो तुमचं काय करतोय हे बघत बसू नकोस. स्वतःचं काय करतोय ते बघ.”

इर्मा ही वेंडलची आई. फेअरफॅक्स गावाच्या टोकाला, डोंगर जिथे थेट परसात उतरतो, तिथे तिचं घर होतं, आणि त्या घराच्या गॅरेजात वेंडल दिवसभर पितळेचा डाख देऊन नळ्या जोडायचा, सायकलींच्या फ्रेमा बनवायचा. त्या दुपारी कॉरिन इर्माच्या टेबलावर कागद पसरून बिल्ल्याचं चित्र काढत होती. दिवस भरत आलेले, पोट टेबलाच्या कडेला अडत होतं. बाहेर वेंडलचा तोंडाचा पट्टा चालू होता. शिव्या बहुधा क्लेटनलाच असाव्यात.

“तुमचा मुलगा गप्प बसला ना, तर आम्ही गावजेवण घालू,” कॉरिन म्हणाली आणि पेन्सिलीला टोक काढायला लागली.

इर्मा हसली नाही. ॲपल पायचं भांडं पुसता पुसता म्हणाली, “माझा नवराही असाच होता.” कॉरिनने पुढे विचारलं नाही. तिला त्या वेळी तीन पानांतलं मधलं पान जमत नव्हतं.

क्लेटन हा कॉरिनचा नवरा. तो आणि वेंडल शाळेपासूनचे दोस्त. दोस्ती म्हणजे एकमेकांना शिव्या देण्याचा परवानाच. सगळं सुरू झालं ते भंगारातून. पूर्वी पेपर टाकणारी पोरं वापरायची तसल्या जाड टायरच्या जड सायकली दोघं कुणाच्या खुराड्यामागून, कुणाच्या तळघरातून उचलून आणत. मडगार्ड, दिवे, घंटी, सगळं ओरबाडून टाकायचं आणि सांगाडा डोंगरावर ढकलत न्यायचा. वणवा लागला तर बंब वर जावेत म्हणून कापलेले कच्चे रस्ते त्या डोंगरावर आहेत. त्यातल्या सगळ्यात उभ्या रस्त्यावरून खाली सुटायचं.

त्या रस्त्याचं नाव यांनीच ठेवलं: स्टोव्हपाइप. कारण खाली पोचेपर्यंत मागच्या चाकातून चुलीच्या धुराड्यासारखा धूर यायचा. या सायकलींना हाताचा ब्रेक नाही. पायडल उलटं दाबायचं, की मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात, ब्रेक धरतो. इतका वेळ दाबून धरला की हबमधलं ग्रीस उकळतं, जळतं, उडून जातं. मग ते हब उघडायचं, पुसायचं, नवं ग्रीस भरायचं आणि मगच पुन्हा सुटायचं. कोरड्या हबवर सुटलात तर ब्रेक एक तर धरत नाही, नाही तर धरला की सोडत नाही. दोन्ही सारखंच.

आणि स्वतःचं हब स्वतः भरायचं नाही, अशी यांच्यात पद्धत. ही वेंडलनेच पाडलेली. “स्वतःच्या हबला माणूस आळस करतो,” तो म्हणायचा, “दुसऱ्याच्या हबला लाज आड येते.” पहिल्या आलेल्याचं हब दुसऱ्याने भरायचं, दुसऱ्याचं पहिल्याने. दोन्ही भरून झाली की दोघांनी ग्रीसमध्ये अंगठा बुडवायचा आणि एकदमच एकमेकांच्या सीटखालच्या नळीवर उमटवायचा. हात मिळवल्यासारखं. आणि भरलेलं हब पुन्हा उघडायचं नाही. उघडणं म्हणजे भरणाऱ्याला तोंडावर खोटारडा म्हणणं. उघडेल त्याची शर्यत गेली. नियम होता, पण तो कधी वापरावा लागला नव्हता.

जुन्या फ्रेमा खड्ड्यात आदळून वाकायच्या, तुटायच्या. म्हणून वेंडलने नव्या बनवायला घेतल्या. क्लेटन त्या डोंगरावर पिळून बघायचा आणि गावभर विकायचा. कॉरिन डेव्हिसच्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकलेली. डोंगरावरून उतरलेला प्रत्येक जण पॉयझन ओकच्या झुडपात पडून आठवडाभर खाजवत बसायचा, म्हणून तिने त्याच झुडपाची तीन पानं बिल्ल्यावर काढली. नाव आपोआप पडलं: थ्री लीफ. तिघांची तीन पानं. “हात लावाल तर खाजवाल,” असं वेंडल गिऱ्हाइकांना सांगायचा.

भांडायला माणसांची कमी नव्हती. घोडेवाल्या बायका रस्त्यात आडव्या उभ्या राहायच्या, म्हणायच्या, तुम्ही डोंगराची नासाडी केलीत. “बाई, तुमच्या घोड्याने रस्त्यात टाकलंय ते आधी उचला,” वेंडल म्हणायचा, “मग नासाडीवर बोलू.” रेंजर लोक फाटकाला साखळी घालायचे. कुणीतरी वळणावर खिळे टाकून ठेवायचं. पण ती भांडणं बाहेरच्यांशी होती. तिघं एका बाजूला होते.

मग मासिकात ते दोन पानी चित्र छापून आलं. क्लेटन हवेत, सायकल हवेत, खाली धूळ, आणि वर मोठ्या अक्षरांत: क्लेटन ब्रूअरची डोंगरी सायकल. कॉरिनची मुलगी जूनी तेव्हा नुकतीच झाली होती. वेंडल मासिक घेऊन थेट कॉरिनच्या स्वयंपाकघरात आला.

“‘एका मिस्त्री मित्राच्या मदतीने’,” त्याने वाचून दाखवलं. “मिस्त्री! काय रे हिरो, नळ गळत होता म्हणून बोलावलं होतंस का मला?”

“मी नाही लिहिलं ते,” क्लेटन म्हणाला.

“नाही ना. तू फक्त फोटोत दात काढलेस.”

“फोटोवाला आला तेव्हा तू भांडून घरी गेला होतास, वेंडल.”

“त्याने माझ्या फ्रेमवर बूट ठेवला होता!”

“हळू बोला,” कॉरिन म्हणाली. “बाळ आत्ताच झोपलंय.”

“उठू दे की, बॉटनीबाई. तिलाही कळू दे बापाने सायकलचा शोध लावलाय. उद्या चाकाचाही लावेल.”

जूनी उठलीच. कॉरिनने तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि वेंडलला सांगितलं, “बाहेर जा.” तिच्या स्वयंपाकघरातून तिने माणूस हाकलण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि तिला त्याचं बरं वाटलं, हेही खरं.

जूनी झाल्यापासून कॉरिन पहिल्यासारखी राहिली नव्हती. मूल झोपलं की नाकाखाली बोट धरून श्वास चाललाय ना ते बघायची. द्राक्षं चिरून द्यायची. खिडकीच्या कड्या दोनदा चाचपायची. क्लेटन डोंगरावर गेला की तो येईपर्यंत तिचे कान रस्त्याला लागलेले असत. तिच्या माणसांना कुठून काय इजा होईल याचा तिने डोक्यात नकाशाच करून ठेवला होता, आणि त्या नकाशात हळूहळू वेंडलचं गॅरेज लाल झालं.

त्यात दक्षिणेकडच्या एका मोठ्या सायकल कंपनीचा माणूस आला. थ्री लीफ नाव आम्हाला द्या, आम्ही कारखान्यात काढतो, म्हणाला.

“माझ्या हातची फ्रेम यंत्रातून काढणार?” वेंडलने विचारलं.

“वर्षाला तू बनवतोस किती?” क्लेटन म्हणाला.

“चांगल्या बनवतो.”

“किती?”

“चांगल्या!”

“लोक वाट बघून बघून दुसरीकडे जातायत. तुला कळत कसं नाही?”

“जाऊ देत. ज्याला घाई आहे त्याने बस पकडावी.”

त्यानंतर वेंडलने ज्या फ्रेमा दिल्या, त्यांच्या बिल्ल्यावर दोनच पानं होती. तिसरं त्याने कानस घासून साफ उडवलं होतं. क्लेटन बिल्ल्यावर बोट फिरवत राहिला.

“कुणाचं पान काढलंस?”

“ज्याला खाज सुटली त्याचं,” वेंडल म्हणाला.

कॉरिनने ते चित्र काढायला तीन दुपारी घातल्या होत्या. ती त्याला नको नको ते बोलली. तुझ्या हातात पितळ आहे, डोक्यातही तेच आहे, असंही बोलली. वेंडलने तिला तेवढ्याच जोराने परत सुनावलं. शेजारच्या म्हाताऱ्याने खिडकी लावून घेतली.

त्या वसंतात इर्मा गेली. अंत्यविधीला कॉरिन जूनीला घेऊन गेली. क्लेटन गेला नाही. कंपनीवाल्यांनी त्याच दिवशी बोलावलं होतं आणि त्याने दिवस बदलून मागितला नाही. चर्चच्या पायरीवर वेंडल टाय लावून उभा होता. शर्टाच्या बाहीला डाख देताना लावायच्या फ्लक्सचा पांढरा डाग तसाच होता.

“हिरो बिझी?” त्याने विचारलं.

कॉरिनने मान हलवली. वेंडलने जूनीच्या टोपीला बोट लावलं आणि आत गेला.

त्यानंतर तो गप्प झाला.

गॅरेजमध्ये बत्ती चालू असायची, पण आवाज नाही. क्लेटनने जाऊन सांगितलं, कंपनीशी बोलणं पक्कं होतंय. वेंडलने मान डोलावली. घोडेवाली बाई त्याच्या दारावरून गेली, मुद्दाम काहीतरी लागट बोलली. वेंडलने वर पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं.

“निवळला एकदाचा,” क्लेटन घरी येऊन म्हणाला. “आई गेली की माणूस शहाणा होतो.”

“मला नाही वाटत,” कॉरिन म्हणाली. “तो काहीतरी शिजवतोय.”

तिला इर्माचं बोलणं आठवलं होतं, नाही असं नाही. पण अर्धंच आठवलं. गप्प झाला की बघ. ती बघत होतीच. सकाळी क्लेटन निघायच्या आधी त्याच्या सायकलचे नट चाचपायची, साखळी ओढून बघायची. आपल्या गॅरेजच्या दाराला तिने नवं कुलूप लावलं. वेंडल पाव घ्यायला बेकरीत दिसला तर जूनीला घेऊन दुसऱ्या दाराने बाहेर पडायची.

नाव कुणाचं, यावर शेवटी गाडं अडलं. कंपनीला एकाची सही हवी होती आणि वेंडल नाहीही म्हणत नव्हता, होही म्हणत नव्हता.

“स्टोव्हपाइपवर ठरवू,” क्लेटन त्याला सगळ्यांसमोर म्हणाला. “जुन्या सायकली. दोन फेऱ्या, मिळून ज्याचा वेळ कमी त्याचं नाव. आहे दम?”

वेंडलने मान डोलावली. एवढंच.

ऑक्टोबरात डोंगर वाळून पिवळाधमक पडलेला असतो. माथ्यावर ओकच्या झाडाखाली गावातले सायकलवाले जमले. बिअरचे डबे, संत्री, दोन कुत्री. कंपनीचा माणूस कोरे करकरीत बूट घालून आला होता. वेळ घ्यायला लॉइड होता. तो प्लंबर, दोघांचाही दोस्त, आणि त्या दिवशी दोघांवरही वैतागलेला. कॉरिन जूनीला पाठीशी बांधून उभी होती. घरी बसून कान लावण्यापेक्षा हे बरं, असं तिने ठरवलं होतं.

पहिली फेरी क्लेटनने जिंकली, पण थोडक्यात. खालून पिकअपने दोघांना आणि दोन्ही सायकलींना वर आणलं, तेव्हा मागची चाकं अजून धुमसत होती. जळक्या ग्रीसचा वास सगळ्या माथ्यावर पसरला.

“चला, हबं भरा,” लॉइड म्हणाला. “आणि तोंडं सरळ करा. लग्नाला आलोय की मयताला तेच कळत नाहीये.”

वेंडलने क्लेटनची सायकल पिकअपच्या फळीवर उलटी केली. पाना घेतला, हब उघडलं. काळं झालेलं ग्रीस फडक्याने निपटून काढलं. कॉरिन त्याच्या हातांवरून नजर हलवत नव्हती. या शर्यती बघून बघून तिलाही ते काम पाठ झालं होतं. गोळ्या पुसल्या. ग्रीस भरलं. दांडी बसवली. ब्रेकचा दांडा फ्रेमला एका छोट्या पट्टीने आवळायचा असतो; ती पट्टी सैल राहिली तर पहिल्याच वळणावर ब्रेक गेला म्हणून समजायचं. नेमका तेव्हाच वेंडल वळला आणि त्याची पाठ आड आली.

मग त्याने पाना खाली ठेवला. हात पुसले नाहीत. अंगठा उमटवला नाही. नुसताच उभा राहिला.

“अंगठा?” कॉरिनने विचारलं.

वेंडलने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यावरून पलीकडे, क्लेटन उभा होता तिकडे पाहिलं.

“वेंडल, मी विचारतेय. अंगठा का नाही उमटवलास?”

काहीच नाही.

ती क्लेटनकडे गेली. तो कंपनीच्या माणसाला वळणं समजावून सांगत होता, एका हातात बिअरचा डबा, दुसरा हात हवेत वळणं घेणारा.

“त्याने अंगठा दिला नाही,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “पट्टी लावताना पाठ फिरवली.”

“रुसलाय गं तो. हरलाय ना.”

“क्ले, उघडून बघ.”

“वेडी आहेस का? उघडलं तर शर्यत गेली. नाव गेलं.”

“आणि नाही उघडलं तर तू जाशील!”

“सगळे ऐकतायत, कॉरिन,” क्लेटन दात न उघडता म्हणाला आणि कंपनीच्या माणसाकडे बघून हसला.

पाठीवर जूनी तिचे केस ओढत होती. कॉरिन परत पिकअपकडे गेली, पाना उचलला आणि पट्टीच्या स्क्रूला हात घातला. पट्टी घट्ट होती. ती तिथे थांबली असती तर चाललं असतं. पण आता हात थांबेना. तिने नट सोडवले, दांडा बाजूला केला, हब उघडं केलं.

आतलं ग्रीस नितळ होतं, पिवळसर, कुठे बुडबुडा नाही, कुठे कमी नाही. गोळ्या एकेक पुसून बसवलेल्या. तिने आयुष्यात इतकं नीट भरलेलं हब पाहिलं नव्हतं.

लॉइडने जवळ येऊन हबात डोकावलं.

“उघडलं,” शेवटी लॉइड म्हणाला. “नियम नियम आहे. क्लेटनची शर्यत गेली.”

“मी नाही उघडलं!” क्लेटन ओरडला. “बायकोने उघडलं!”

“तुझीच ना?” कुणीतरी मागून म्हणालं आणि दोघं-तिघं हसले.

“हा कसला नियम—” क्लेटनने डबा जमिनीवर आपटला. “गेलं नाव! हिच्या भीतीपायी गेलं! मूल झाल्यापासून हिला सगळीकडे भुतं दिसतात!”

वेंडलने इतका वेळ काही ऐकलं असावं असं वाटलं नाही. तो ओकच्या झाडाकडे गेला. त्याची सायकल तिथे आडवी पडली होती, खालून आणली तेव्हा टाकली होती तशीच. त्याने ती उभी केली.

“अरे, तू जिंकलास,” लॉइड म्हणाला. “आता कशाला जातोस? ये, बिअर घे.”

वेंडल सीटवर बसला. जाताना तो कॉरिनच्या इतक्या जवळून गेला की सीटखालची नळी तिला स्वच्छ दिसली. धूळ होती. अंगठा नव्हता.

अंगठे एकदमच उमटायचे असतात. दोन्ही हबं भरून झाल्यावर.

तिने वळून क्लेटनच्या हातांकडे पाहिलं. हात स्वच्छ होते. बिअरच्या डब्यावरचं पाणी तेवढं त्यांना लागलेलं.

“थांबवा त्याला!” ती किंचाळली. “त्याचं हब भरलेलं नाही! वेंडल! हब कोरडं आहे!”

पण तो उतारावर सुटला होता. खरं म्हणजे तिने सांगायची गरज नव्हती. कोरड्या हबवर जाणाऱ्याला कानाखाली मारून खाली उतरवणारा त्या डोंगरावर एकच माणूस होता आणि तो तोच होता.

पहिल्या वळणावर धूर दिसला. मग हब ओरडायला लागलं. कोरडं लोखंड लोखंडावर घासतं तेव्हा जनावरासारखं ओरडतं, ते ज्याने ऐकलंय त्यालाच कळेल. गेले कित्येक महिने वेंडलच्या तोंडून आवाज निघाला नव्हता. आता त्याचं चाक सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असं बोंबलत होतं. दुसऱ्या वळणाजवळ ते एकाएकी बंद झालं.

लॉइड पिकअपमध्ये उडी मारून खाली गेला. कॉरिन धावत सुटली, पाठीवर पोर हसत होती, तिला वाटलं खेळ आहे.

वेंडल वाचला. कंबरेचं हाड मोडलं, खांदा गेला. पॉयझन ओकच्या झुडपात आत खोल जाऊन पडला होता. त्याला बाहेर काढणारे सगळे पंधरवडाभर खाजवत होते.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात क्लेटन म्हणाला, “सगळ्या गावासमोर तू माझं हब उघडलंस.”

“तू त्याचं भरलंस?” कॉरिन म्हणाली.

“तो माणूस बोलत होता माझ्याशी. मी भरणारच होतो.”

“विसरलास? की भरलंच नाहीस?”

“तू तरी काय बघत होतीस?” क्लेटन म्हणाला. “दिवसभर डोळे फाडून उभी होतीस. काय दिसलं तुला?”

तो प्रश्न अजून त्या घरात आहे. भांडण कुठूनही सुरू झालं, डब्यातल्या साखरेवरून का असेना, तरी तिथेच येऊन थांबतं.

कंपनीने क्लेटनला दुसरं नाव दिलं. त्या नावाच्या सायकली आता दुकानादुकानांत दिसतात. चांगल्या चालतात म्हणे. थ्री लीफ वेंडलचंच राहिलं, आणि त्याने ते पुन्हा कुठल्याच फ्रेमवर लावलं नाही. आईचं घर विकून तो तलावाच्या पलीकडे, खडीचा रस्ता संपतो तिथे, एका ट्रेलरमध्ये, चाकांवरच्या घरात, राहायला गेला.

कॉरिन तिथे गेली आहे. एकदा नाही, बऱ्याचदा. पडदा हलतो, कोण आलंय ते दिसतं, पडदा पुन्हा सरळ होतो. एकदा इर्माच्या पद्धतीचा ॲपल पाय करून पायरीवर ठेवून आली. पुढच्या वेळी भांडं तिथेच होतं, रकूननी चाटून लख्ख केलेलं. लॉइड सुरुवातीला जायचा, आता त्याचे गुडघे दुखतात. क्लेटन जात नाही. जूनी आता प्रश्न विचारण्याएवढी झाली आहे, मागच्या खेपेला पायरीवर बसून मोठ्याने म्हणाली, “आई, या माणसाला आवाज नाही का?” आत काहीतरी पडल्यासारखं वाजलं. दार उघडलं नाही.

कॉरिनसाठी ते दार उघडणार नाही, हे तिला आता पटलंय. ज्याने भरलेलं तिने उघडून बघितलं, तो तिच्यासाठी दार कशाला उघडेल. पण तुम्ही त्याचं काही उघडलेलं नाही. म्हणून तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. हल्ली पुष्कळ जण त्या बाजूला सायकली घेऊन येतात. तुम्ही कधी आलात, तर फाटकापाशी परत फिरू नका. खडीच्या रस्त्याने शेवटपर्यंत जा. ट्रेलर हिरवा आहे, दाराला बिल्ला ठोकलेला आहे, दोन पानांचा. दार वाजवा. तुमची सायकल त्याला दिसेल अशी उभी करा.

तो बाहेर येऊन तुमच्यावर खेकसला, तुमच्या ब्रेकची, तुमच्या अकलेची आणि ज्याने तुम्हाला ही सायकल विकली त्याच्या खानदानाची लक्तरं काढली, तर खुशाल ऐकून घ्या आणि निर्धास्त परत या. येताना कॉरिनला तेवढं कळवा.

पण तो काही बोललाच नाही, तर तिथून हलू नका. आत जा. बसा. आणि त्याची स्वतःची सायकल कुठे असेल ती शोधून तिचं हब बघा.